तेजीतला खेळाडू विकावा कधी?

अमेरिकेतील 'फॅन्टसी फुटबॉल'मधील देवघेवीचे गणित आणि त्यामागचे मानसशास्त्र

- आमच्या प्रतिनिधीकडून

सप्टेंबर २०१७ मधली गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सी येथे नोकरीस असलेल्या आमच्या एका आतेभावाचा अवेळी फोन आला. आपल्याकडे सोमवारची सकाळ उजाडत होती, तिकडे रविवारची रात्र होती. घरचे सगळे क्षेम आहे ना, या आमच्या प्रश्नाला बगल देऊन तो म्हणाला, "दादा, माझ्याकडचा हिरा मागायला आलेत रे लोक!"

हिरा म्हणजे कन्सास सिटी चीफ्स या संघाचा करीम हंट. चेंडू घेऊन धावणारा, तिकडच्या भाषेत 'रनिंग बॅक'. पहिलेच वर्ष. ७ सप्टेंबर २०१७ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्धच्या पदार्पणात चेंडू हातात आल्याबरोबर त्याने तो गमावला आणि त्यानंतर त्याच सामन्यात एकूण २४६ यार्ड आणि तीन 'टचडाऊन' केले. तीन आठवडे संपले तेव्हा त्याच्या नावावर धावून मिळवलेले ४०१ यार्ड आणि सहा टचडाऊन होते. आमच्या भावाच्या कचेरीत बारा जणांची 'फॅन्टसी लीग' होती आणि हंट त्याच्या काल्पनिक संघात होता. बदल्यात एक नामवंत 'रिसीव्हर' आणि सोबत एक बरा राखीव धावपटू देण्याची तयारी समोरच्याने दाखवली होती. भावाने ती धुडकावली. "दुभती गाय कोणी बाजारात नेतं का?" हा त्याचा सवाल.

पुढच्या नऊ सामन्यांत हंटला एकही टचडाऊन करता आला नाही. सुरुवातीचे दोन सामने यार्डांनी लाज राखली. मग तेही आटले. एका सामन्यात २१ यार्ड, एकात १७. त्या विभागात नव्याने रुजू झालेला आणि तिथला एकटाच भारतीय असलेला आमचा भाऊ दर सोमवारी जेवणाच्या सुटीत थट्टेचा विषय होऊ लागला. प्रवेशशुल्काचे डॉलर गेले याचे त्याला फारसे दुःख नव्हते. "मला खेळ कळतो असं त्यांना वाटायला लागलं होतं, तेच गेलं," असे तो म्हणाला. परक्या मुलखात नव्या माणसाला असे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे.

तेजीत आलेला खेळाडू विकावा कधी आणि राखावा कधी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मागे लागला. तो वरवर खेळापुरता दिसतो. पण शेअरच्या दलालापासून क्रिकेटच्या निवड समितीपर्यंत अनेकांना तो निराळ्या वेषात भेटत असतो.

खेळ आहे तरी काय?

आपल्याकडे 'फॅन्टसी' म्हटले की एका सामन्यापुरता अकरा जणांचा संघ निवडायचा आणि रात्री निकाल पाहायचा, असेच चित्र डोळ्यांसमोर येते. पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या अशा स्पर्धा मुंबईच्या ड्रीम इलेव्हनसह इतर कंपन्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केल्यानंतर, बंद केल्या. अमेरिकेतला मूळ प्रकार मात्र वेगळा आहे. तिथे हा उद्योग पूर्ण हंगामभर, म्हणजे सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत चालतो आणि बहुधा मित्र, नातलग वा सहकारी यांच्यातच चालतो.

त्याचा उगम १९६२ सालचा. ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख हे संघासोबत पूर्वेच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी या खेळाचे नियम रचले. १९६३ मध्ये पहिली लीग सुरू झाली. अंक मोजायचे ते वर्तमानपत्रातला सामन्याचा तक्ता आणि पेन्सिल घेऊन. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संकेतस्थळांनी हे कष्ट संपवले आणि खेळ घरोघरी पोहोचला.

नियम थोडक्यात असे. दहा किंवा बारा जण हंगामापूर्वी एकत्र बसून आळीपाळीने किंवा लिलावाने खऱ्या खेळाडूंची वाटणी करतात. याला 'ड्राफ्ट' म्हणतात. एक खेळाडू एकाच संघात असू शकतो, ही यातली कळीची अट. मग दर आठवड्याला आपल्या खेळाडूंनी प्रत्यक्ष मैदानावर जे केले त्याचे अंक आपल्याला मिळतात. सर्वसाधारण पद्धतीत धावून किंवा झेलून मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक अंक आणि टचडाऊनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेण्याला, सहा अंक. चेंडू फेकणाऱ्या 'क्वार्टरबॅक'ला टचडाऊनचे बहुधा चार. अनेक लीगमध्ये प्रत्येक झेलालाही अंक असतात. दर आठवड्याला एका प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडते. वरचे काही संघ बाद फेरीत जातात. खरी स्पर्धा २०२१ पासून १८ आठवड्यांची झाल्यावर ही बाद फेरी सामान्यतः १५ ते १७ या आठवड्यांत खेळली जाते. त्यापूर्वी ती १४ ते १६ मध्ये असे.

दोन सभासदांनी आपसांत खेळाडूंची अदलाबदल करणे म्हणजे 'ट्रेड'. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात संपते. इंग्लंडच्या प्रीमियर लीगवर आधारित जो फॅन्टसी खेळ मुंबई-पुण्यातले तरुण रात्री जागून खेळतात, त्यात हा प्रकार नाही. तिथे खेळाडू 'विकला' जातो तो खेळ चालवणाऱ्या यंत्रणेला, ठरलेल्या किमतीला. अमेरिकन पद्धतीत समोर हाडामांसाचा माणूस असतो. त्याला पटवावे लागते. तोही तुमच्याइतकाच हुशार असतो, निदान तसे धरून चालावे.

सहा अंकांचा मोह

तेजीतला खेळाडू ओळखायचा म्हणजे त्याचे अंक कुठून आले हे पाहायचे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या धावपटूला दर सामन्यात बारा वेळा चेंडू मिळतो, तो ४५ यार्ड धावतो आणि तीनही सामन्यांत दोन-दोन टचडाऊन करतो. त्याचे सामन्यागणिक अंक साडेसोळा. दुसऱ्याला वीस वेळा चेंडू मिळतो, तो ९० यार्ड धावतो, पण तीन सामन्यांत मिळून त्याचा एकच टचडाऊन होतो. त्याचे अंक सामन्याला अकरा. तक्त्यात पहिला दुसऱ्याच्या कितीतरी वर दिसेल. पण पहिल्याच्या एकूण ४९.५ अंकांपैकी ३६, म्हणजे सुमारे ७३ टक्के अंक, टचडाऊनमधून आलेले आहेत. पुढे दोघांनाही दोन सामन्यांआड एक टचडाऊन मिळू लागला, तर पहिला साडेसातवर उतरतो आणि दुसरा बारावर चढतो. आज जो बाजार पहिल्याच्या बदल्यात दुसरा आणि वर आणखी काहीतरी द्यायला तयार आहे, तोच महिन्याभराने पहिल्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

यार्ड आणि चेंडू मिळण्याची संख्या यांत सातत्य असते, कारण ती प्रशिक्षकाच्या विश्वासावर ठरते. टचडाऊन हा त्या मानाने लहरी पाहुणा. रेषेपासून दोन यार्डांवर चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, ऐनवेळी कोणाचा पाय घसरला, पंचांनी आधीचा खेळ अवैध ठरवला की नाही, अशा कितीतरी गोष्टींवर सहा अंक लोंबकळत असतात.

डेट्रॉईट लायन्सचा रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन याने २०१२ मध्ये झेलून १,९६४ यार्ड मिळवले. एका हंगामातला तो विक्रम. पण टचडाऊन अवघे पाच. पुढच्या वर्षी यार्ड घटून १,४९२ झाले आणि टचडाऊन वाढून बारा! गडी तोच आणि संघही तोच. उलट बाजूचे उदाहरण मायामी डॉल्फिन्सच्या रहीम मोस्टर्टचे. २०२३ मध्ये त्याने धावून १८ आणि एकूण २१ टचडाऊन केले. तेव्हा तो एकतिशीत होता. या धावपळीच्या जागेवर ते वय म्हातारपणाचेच. २०२४ मध्ये त्याचे टचडाऊन झाले दोन.

क्वार्टरबॅकांचा हिशेब आणखी सोपा आहे, कारण तिथे दर शंभर फेकींमागे किती टचडाऊन झाले हे काढता येते. सर्वसाधारण प्रमाण चार ते पाच टक्क्यांच्या आसपास असते. पॅट्रिक महोम्सने २०१८ मध्ये ५० टचडाऊन फेकले, प्रमाण ८.६ टक्के, पुढच्या वर्षी २६, प्रमाण ५.४. लमार जॅक्सनचे २०१९ मधले प्रमाण नऊ टक्के. २०२० मध्ये ते सातच्या खाली आले. फिलाडेल्फियाच्या निक फोल्सने २०१३ मध्ये २७ टचडाऊन फेकले आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला तो फक्त दोनदा. पुढच्या वर्षी आठ सामन्यांत हेच आकडे १३ आणि १० असे झाले. महोम्स आणि जॅक्सन हे थोर खेळाडू आहेतच. आकडे खाली आले म्हणून त्यांचे कौशल्य आटले असे कोणी म्हणणार नाही. मुळात ते आकडेच कोणाही माणसाला दरवर्षी पेलण्यासारखे नव्हते.

गाल्टनचे उंच बाप

या घसरणीला संख्याशास्त्रात जे नाव आहे, ते इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने रूढ केले. १८८६ साली त्याने आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण आईबापांइतकी नव्हेत. फार बुटक्यांची बुटकी असतात, पण तितकी नव्हेत. टोकाची गोष्ट सरासरीकडे सरकते. कोणत्याही असाधारण कामगिरीत कौशल्याचा वाटा असतो तसा नशिबाचाही असतो. कौशल्य पुढच्या आठवड्यात सोबत येते. नशीब येईलच असे नाही.

नोबेल विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांचा किस्सा सांगत. उत्तम उड्डाण करणाऱ्याची पाठ थोपटली की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट करणाऱ्याला झापले की पुढचे सुधारते, असा त्या प्रशिक्षकांचा ठाम अनुभव होता. वास्तविक शाबासकीचा वा शिवीचा त्याच्याशी संबंध नव्हता. टोकाच्या उड्डाणानंतर बहुधा मध्यम उड्डाणच येते. 'कौतुक केले की दृष्ट लागते' हा आपल्याकडचा समजही याच मुळातून उगवला असावा, असे आम्हांस अनेकदा वाटते.

मात्र इथे एक गैरसमज फार माजतो. सरासरीकडे सरकणे म्हणजे मिळालेले परत फेडणे नव्हे. तीन सामन्यांत सहा टचडाऊन केलेल्याचे पुढे मुद्दाम वाईट होणार, असा निसर्गाचा काही सूड नसतो. जे अंक मिळाले ते तुमच्या खात्यावर जमा आहेत. पुढचा अंदाज बांधताना तेवढे तो जसा मुळात आहे तसा धरायचा. आणि 'मुळात' म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी वाटला होता तसाही नव्हे. दहाव्या फेरीत घेतलेला गडी तीन आठवडे तळपला, तर तो आता पहिल्या फेरीचा झाला नाही, पण दहाव्याचाही राहिला नाही. खरी किंमत मध्ये कुठेतरी आहे. बाजार जर पहिल्या फेरीची किंमत देत असेल तर विकावा; चौथ्या फेरीची देत असेल तर गप्प बसावे.

सगळीच तेजी खोटी नसते

'चढा भाव आला की विका' हा मंत्र आंधळेपणाने जपणाऱ्यांचे काय होते, याची उदाहरणे तितकीच बोलकी आहेत. ५ सप्टेंबर २०१३ रोजी हंगामाच्या पहिल्याच रात्री डेन्व्हरच्या पेटन मॅनिंगने बाल्टिमोरविरुद्ध सात टचडाऊन फेकले. आता याहून भाव चढणार नाही, असे म्हणून ज्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी विकले, त्यांचे म्हणणे एका अर्थी खरे होते. सात पुन्हा झाले नाहीत. पण मॅनिंगने त्या हंगामात एकूण ५५ टचडाऊन आणि ५,४७७ यार्ड केले. विक्रीनंतर उरलेला खेळाडूही विक्रमीच होता.

लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नाकुआ याची गोष्ट आम्हांस अधिक शिकवणारी वाटते. २०२३ च्या निवडीत तो पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर घेतला गेला होता. म्हणजे जवळपास अनामिकच. संघाचा प्रमुख रिसीव्हर कूपर कप जखमी असल्याने त्याला संधी मिळाली आणि पहिल्या दोन सामन्यांत त्याने २५ झेल घेतले. कप परतला की याचे दुकान बंद होणार, आताच विका, हा सल्ला तेव्हा जागोजागी ऐकू येत होता. पण नाकुआच्या अंकांची घडण पाहा. त्या दोन सामन्यांत त्याच्याकडे ३५ वेळा चेंडू फेकला गेला होता आणि टचडाऊन एकही नव्हता! त्याचे अंक नशिबाच्या पिशवीतून आलेले नव्हतेच. ते मागणीतून आले होते. पाचव्या आठवड्यात कप परतला. नाकुआने हंगाम संपवला तो १०५ झेल आणि १,४८६ यार्डांवर. नवख्या खेळाडूंचे दोन्ही विक्रम त्याने मोडले.

म्हणजे तेजी पाहून नव्हे, तेजीची पोटतपासणी करून विकायचे. चेंडू किती वेळा मिळतो? मैदानावर तो किती वेळ असतो? रेषेजवळच्या त्या शेवटच्या पाच यार्डांत प्रशिक्षकाला तोच आठवतो की आणखी कोणी? या प्रश्नांची उत्तरे चांगली असतील तर टचडाऊनचा पाऊस थोडा ओसरला तरी विहीर भरलेली राहते. आठवड्याला आठ वेळा चेंडू मिळून दोनदा पन्नास-साठ यार्डांची झेप घेणारा गडी मात्र पाहुण्यासारखा समजावा.

जखमी मानकऱ्याच्या जागी उभा राहिलेला बदली धावपटू हा तर विक्रीचा सनातन उमेदवार. मानकरी परतणार हे ठाऊक असते, तारीखही साधारण ठाऊक असते. म्हणून ती येण्यापूर्वी त्याला खपवावे, असे सारे जाणकार सांगतात. सल्ला बहुतेकदा बरोबर असतो. 'बहुतेकदा'कडे आपण शेवटी परत येऊ.

वेळ कोणती?

पहिल्या आठवड्यानंतर विकणे बहुधा घाईचे ठरते, कारण समोरचाही एका सामन्यावर विश्वास ठेवत नाही आणि भाव अर्धाच देतो. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत थांबले तर खरे-खोटे सर्वांनाच दिसू लागलेले असते. भाव सर्वांत फुगलेला असतो तो तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या दरम्यान. विश्वास बसावा इतके सामने झालेले असतात. भ्रम फिटावा इतके झालेले नसतात. आठवड्यातला वारही महत्त्वाचा आहे. रविवार-सोमवारचे सामने संपल्यावर मंगळवारी, पराभवाची जखम ताजी असलेला प्रतिस्पर्धी जितका ऐकून घेतो, तितका शुक्रवारी घेत नाही.

बदल्यात काय मागावे, हा निम्मा खेळ आहे. ज्याचे नाव मोठे, ज्याला चेंडूही भरपूर मिळतो, पण ज्याचे टचडाऊन अडले आहेत असा खेळाडू मागावा. त्याचा मालक एव्हाना वैतागलेला असतो. एकाच्या बदल्यात दोन घेण्याचा मोह मात्र आवरावा. संघात एका वेळी ठरावीकच खेळाडू उतरवता येतात, म्हणून दोन मध्यमांची बेरीज एका उत्तमाइतकी क्वचितच भरते. उलट स्वतःकडचे दोन तेजीतले मध्यम गडी देऊन एक भक्कम मिळत असेल, तर रिकाम्या झालेल्या जागेवर आणखी कोणीतरी उचलता येतो.

स्वतःची गुणसंख्या पाहिल्याशिवाय यातला एकही सल्ला कामाचा नाही. सातपैकी सहा सामने जिंकलेला संघ आजचे अंक सोडून डिसेंबरची तरतूद करू शकतो; जखमी पण थोर खेळाडू स्वस्तात घेऊन ठेवू शकतो. सातपैकी पाच हरलेल्याला डिसेंबर बघायला मिळेल की नाही याचीच शाश्वती नसते. त्याने आज अंक देणारा गडी विकून उद्याचे वायदे घेणे म्हणजे घर जळत असताना विहीर खणणे. बाद फेरीच्या तीन आठवड्यांत कोणाचा सामना कोणाशी आहे हे वेळापत्रकात आधीच छापलेले असते. ते न पाहता ट्रेड करणारे लोक किती असतात, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. मोस्टर्टचेच पाहा. २०२३ मध्ये तिसऱ्या आठवड्यात डॉल्फिन्सने डेन्व्हरला ७०-२० असे चिरडले, तेव्हा त्याने चार टचडाऊन केले. तेव्हा त्याला विकणारे पुढे महिनोन्‌महिने हळहळले, कारण तो थांबलाच नाही. पण १७ व्या आठवड्यात, म्हणजे फॅन्टसीच्या अंतिम सामन्याच्या वेळी, तो दुखापतीमुळे मैदानावर नव्हता. वय पाहून ट्रेडच्या मुदतीपूर्वी त्याला विकणारा तेवढा सुटला.

आपले ते सोने

इतके सारे कळूनही माणसे विकत का नाहीत? १९९० मध्ये कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आता विख्यात आहे. विद्यार्थ्यांच्या एका वर्गात निम्म्यांना कॉफीचे मग वाटले आणि मग त्यांची खरेदी-विक्री करायला सांगितली. ज्यांना मग मिळाला होता ते त्याची जी किंमत मागत होते, ती नसलेल्यांच्या तयारीच्या सुमारे दुप्पट होती. मग तेच, वर्ग तोच. फरक फक्त मालकीचा. अर्ध्या तासापूर्वी फुकट मिळालेल्या मगाची ही कथा, तर भर उन्हाळ्यात यादी चाळून, इतरांनी हसून सोडलेला आणि आपण एकट्याने हेरलेला खेळाडू माणसाला किती मोलाचा वाटेल! त्याला विकणे म्हणजे स्वतःच्या पारखीवर पाणी सोडणे वाटते.

यावर एक घरगुती उपाय आहे. हा खेळाडू आज माझ्याकडे नसता तर तो मिळवण्यासाठी मी काय दिले असते, असे स्वतःला विचारावे. समोरून आलेला देकार त्याहून मोठा असेल तर विकावे. आमच्या भावाला २०१७ मध्ये हा प्रश्न कोणी विचारला असता, तर त्याने हंटसाठी तो नामवंत रिसीव्हर खचितच दिला नसता. हे त्यानेच नंतर कबूल केले.

हंटची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. चौदाव्या आठवड्यात तो अचानक जागा झाला. ११६ यार्ड आणि एक टचडाऊन. पुढच्या सामन्यात १५५ यार्ड आणि दोन. त्यापुढे ९१ यार्ड आणि एक. तेव्हाची बाद फेरी नेमकी याच तीन आठवड्यांची होती! हंगामाअखेर १,३२७ यार्डांसह तो धावपटूंमध्ये अव्वल ठरला. ज्यांनी त्याला ऑक्टोबरमध्ये विकले ते ऑक्टोबरपुरते बरोबर होते. ज्यांनी नोव्हेंबरच्या मंदीत त्याला कवडीमोलाने घेतले, त्यांनी चषक नेले. आणि आमचा भाऊ? त्याने तोवर न विकता राखलेला हंट डिसेंबरमध्ये असे अंक देत होता की ते बघताना त्याला रडू येत असे. कारण त्याचा संघ आधीच स्पर्धेबाहेर पडला होता.

पुढच्या वर्षी तो शहाणा झाला. निदान त्याची तशी समजूत होती. २०१८ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा बडा धावपटू लेव्हिऑन बेल करारावरून रुसून घरी बसला आणि त्याच्या जागी जेम्स कॉनर तळपू लागला. कॉनर आमच्या भावाच्या संघात होता. बेलला परतण्याची शेवटची मुदत १३ नोव्हेंबर होती. तो येणार हे सगळे गृहीत धरून चालले होते. भावाने ऑक्टोबरमध्येच कॉनरला चांगल्या भावाने विकले आणि आम्हांस फोन करून सांगितले, "दादा, या वेळी गाय बाजारात नेली हं!"

बेल आलाच नाही. १३ नोव्हेंबरची दुपार उलटली आणि त्याचा संपूर्ण हंगाम गेला. कॉनरचे धावून १२ टचडाऊन झाले, ९७३ यार्ड झाले. कचेरीत पुन्हा थट्टा. मग डिसेंबरच्या आरंभी कॉनरचा घोटा दुखावला आणि १४, १५ आणि १६ हे तीनही आठवडे, म्हणजे नेमकी बाद फेरी, तो बाहेर बसला. त्याला विकत घेणारा सहकारी उपांत्य फेरीत हरला. त्याच सुमारास ज्यांनी आदल्या वर्षीची आठवण ठेवून हंटला जपले होते, त्यांनाही हात चोळत बसावे लागले. एका महिलेला मारहाण करतानाची त्याची चित्रफीत बाहेर आली आणि ३० नोव्हेंबर २०१८ रोजी चीफ्सने त्याला संघातून काढून टाकले. ट्रेडची मुदत तोवर संपली होती. आणि पहिल्या १२ सामन्यांत धावून जेमतेम ४७४ यार्ड केलेला, म्हणून कोणालाच नकोसा झालेला टेनेसीचा डेरिक हेन्री याने ६ डिसेंबरच्या एकाच रात्री २३८ यार्ड आणि चार टचडाऊन केले.

त्या वर्षी भाऊ तिसरा आला. कॉनरची विक्री बरोबर होती की चूक, यावर त्याचा आणि त्या सहकाऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही. दोघेही आता वेगवेगळ्या कंपन्यांत आहेत, पण लीग तीच आहे आणि ट्रेडची मुदत जवळ आली की पहिला निरोप ते एकमेकांनाच पाठवतात.